तिसऱ्या खणातले मोबाईल आणि २३ चार्जर

बारीक पिन
४ ऑगस्ट, रात्री १०:४२

मंडळी, घरात निर्वाणीचा इशारा मिळालाय. शोकेसचा तिसरा खण गौरींच्या दागिन्यांना हवाय. गौरी यायच्या आत तो रिकामा झाला नाही तर आतल्या मालासकट माझी रवानगी गच्चीवर. त्या खणात माझा गेल्या २१ वर्षांचा मोबाईल-संसार आहे.

काल रात्री सगळं सतरंजीवर पसरून मोजलं. हँडसेट ११. चार्जर २३. केबली मोजायच्या सोडून दिल्या, कारण एक ओढली की तिच्यामागे सात येत होत्या, वटपौर्णिमेच्या दोऱ्यासारख्या. कव्हरं ९, त्यातल्या ६ चे फोन आता घरात नाहीतच. शिवाय पट्ट्याला अडकवायचं चुंबकवालं चामडी पाकीट, जे लावून मी साखरपुड्याला उभा होतो. अल्बममध्ये पुरावा आहे.

पहिला फोन नोकिया ११००. २००४ साली पहिल्या पगारातून घेतलेला. रबरी कीपॅडवरचा ५ पार पुसलाय, बाकीचे आकडे शाबूत. सीचं बटण दाबून धरलं की डोक्यावर टॉर्च लागायचा. आता दाबलं, काहीच नाही.

मोजताना एक गोष्ट लक्षात आली. फोन मी सतत बदलत आलो. कुणाला दिले, एक्स्चेंजला घातले, जिवाला काही वाटलं नाही. चार्जर मात्र एकही टाकवला नाही. हातात घेतला की वाटतं, राहू दे, लागेल कधीतरी. २१ वर्षांत लागलेला एकही नाही.

तर प्रश्न असे: यातलं ठेवायचं काय, टाकायचं कुठे, आणि तुमच्याकडे किती आहेत?

---

रेंजबाहेर
४ ऑगस्ट, रात्री १०:५०

रुमाल टाकून ठेवतोय. हा धागा आमच्या घरात दिसता कामा नये.

---

सुलक्षणा
४ ऑगस्ट, रात्री ११:०५

तिसरा खण म्हणजे पहिल्या दोन खणांत काय आहे हे विचारायचं धाडस होत नाहीये.

---

बारीक पिन
४ ऑगस्ट, रात्री ११:०९

पहिल्यात हिची औषधं. दुसऱ्यात वापरून झालेले सेल, जे टॉर्चमध्ये चालत नाहीत पण घड्याळात चालतील म्हणून ठेवलेत.

---

रोखठोक
५ ऑगस्ट, सकाळी ७:३१

सरळ सांगतो, राग मानू नका. याला छंद म्हणत नाहीत, अडगळ म्हणतात. ११ हँडसेट म्हणजे ११ बॅटऱ्या एका लाकडी खणात, वर २३ चार्जरची वायर. हा खण नाही, सरण आहे. आजच ई-कचऱ्यात द्या. आठवणी डोक्यात ठेवाव्यात, तिथे जागा लागत नाही.

---

मधुमालती
५ ऑगस्ट, सकाळी ८:१२

रोखठोक, तुमच्या घरी बोहारीण कधी रिकाम्या हाताने परत गेली नसणार.
बारीक पिन, ११०० टाकू नका हो. माझ्या सासूबाई त्याला 'बॅटरीवाला फोन' म्हणायच्या. रात्री लाइट गेले की पहिली हाक फोनला.

---

निवृत्त_जेई
५ ऑगस्ट, सकाळी १०:४०

रोखठोक यांचा सूर सोडा, मुद्दा खरा आहे. वीज खात्यात ३४ वर्षं काढली, म्हणून क्रमाने सांगतो.

आधी सगळ्या बॅटऱ्या बाहेर काढा. निघणाऱ्या असतील त्या. प्रत्येक बॅटरी काचेच्या टेबलावर आडवी ठेवायची आणि एका कोपऱ्याला बोटाने टिचकी मारायची. घसटत थांबली तर ठीक. भोवऱ्यासारखी गरगरली तर फुगली आहे, मधे पोट आलंय. आत वायू धरलेला असतो. तिला टोचायचं नाही, दाबायचं नाही, 'बघू तरी' म्हणून चार्जिंगला तर मुळीच लावायचं नाही. टोकांवर चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला जातो तेव्हा असली बॅटरी पेट घेऊ शकते.

न फुगलेल्या पण वर्षानुवर्षं शून्यावर पडलेल्या बॅटऱ्यासुद्धा कामातून गेल्या असं समजा. लिथियमची बॅटरी फार खाली उतरली की आतलं तांबं विरघळायला लागतं. जे फोन खरंच ठेवायचे आहेत ते निम्मे चार्ज करून, बंद करून, बॅटरी वेगळी काढून ठेवावेत. पूर्ण भरून नाही, पूर्ण रिकामे नाही.

११०० ची बॅटरी बीएल-५सी. ती अजून बाजारात मिळते. नोकियाने असंख्य मॉडेलांना तीच वापरली, आणि त्यांचे ते फोन गेल्यावरही बॅटरी राहिली. मोबाईलच्या दुकानात नसेल तर रेडिओवाल्याकडे विचारा. हरिपाठ, भजनं लावायचे ते छोटे स्पीकरचे डबे असतात ना, त्यातल्या कित्येकांत बीएल-५सीच असते.

---

घाटमाथा
५ ऑगस्ट, सकाळी ११:०२

बीएल-५सी म्हटल्यावर ऑगस्ट २००७ आठवलं! नोकियाने जाहीर केलं होतं की मात्सुशिता या जपानी कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ मध्ये बनवलेल्या ४.६ कोटी बॅटऱ्या चार्जिंग करताना तापू शकतात, बदलून देऊ. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काम शून्य. सगळे जण फोनचं बूड उघडून बॅटरीच्या पाठीवरचा २६ अक्षरी नंबर वाचतायत, एक जण ओरडून सांगतोय, दुसरा लिहून घेतोय. हेडक्लार्कांनी दोन दिवस फोन स्टीलच्या डब्यात ठेवला होता. पोळीचा डबा. झाकण लावून.

---

रेंजबाहेर
५ ऑगस्ट, सकाळी ११:०६

स्टीलच्या डब्यात झाकण लावून ठेवला तर रेंज कुठली यायला? साहेबांचा फोन टाळायची युक्ती असणार.

---

वऱ्हाडी ठेचा
५ ऑगस्ट, दुपारी १२:२०

२३ चार्जर! आमच्याकडं तं एकाच चार्जरवर अख्खं घर चालते न भाऊ. लाइनच नसते, तं जास्तीचे चार्जर लावता कुठं?

---

स्लो_लोकल
५ ऑगस्ट, दुपारी १:१५

जाड पिन आणि बारीक पिन यावर एक स्वतंत्र धागा होऊ शकतो. लग्नाकार्यात नोकियावाल्यांचे दोन तट. २००५-०६ च्या सुमारास बारीक पिन आली, आणि जाड पिनेचे चार्जर असलेल्यांसाठी काही फोनबरोबर ते बोटाएवढं जोडवायर यायचं, एका बाजूला जाड भोक, दुसऱ्या बाजूला बारीक टोक. ज्याच्या खिशात ते जोडवायर, तो वरबापापेक्षा मोठा.

आणि तो चिमटेवाला चार्जर कुणाला आठवतो का? फोनमधून बॅटरी काढायची, चिमट्यात धरायची, दोन तारांचे काटे सरकवत प्लस-मायनसवर नेमके टेकवायचे. जमलं की लाल-निळे-हिरवे दिवे, नवरात्रातल्या मंडपासारखे. आमच्याकडे त्याला खेकडा म्हणायचे.

---

बारीक पिन
५ ऑगस्ट, दुपारी १:४०

खेकडे दोन आहेत. जोडवायरं तीन. आता कळलं माझी सदस्य-नावाची प्रेरणा?

जेई काका, टिचकीचा प्रयोग केला. चार बॅटऱ्या गरगरल्या. एक तर इतकी सुरेख फिरली की मुलगा म्हणाला, बाबा परत. काढून बाल्कनीत वेगळ्या ठेवल्यात.

---

बे एरियातला बाब्या
५ ऑगस्ट, रात्री ९:५५

इथे अमेरिकेत माझ्याकडचे जुने फोन शोभेचेच. एटी अँड टी या मोबाईल कंपनीने टूजी २०१७ च्या सुरुवातीलाच बंद केलं, त्यामुळे त्या सिमवर माझ्या जुन्या नोकियाला टॉवर दिसणं संपलं. भारतात अजून टूजी चालू आहे, ११०० ला बॅटरी मिळाली तर बोलायला लागेल. फक्त हल्लीचं नॅनो सिम त्यात बसणार नाही. सिम ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीतून मोडून काढतो ती चौकट ठेवली असेल तर काम झालं.

चार्जर टाका, पण केबली डोळे मिटून टाकू नका, आणि डोळे मिटून ठेवूही नका. टाइप-सी आल्यापासून सगळी टोकं सारखी दिसतात, आतली तार सारखी नसते. गणित सोपं आहे. केबलीचा जाण्या-येण्याचा मिळून रोध पाव ओहम धरला आणि २ अँपिअर ओढले तर अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च. चार्जरमधून ५ निघाले, फोनला ४.५ पोचले, फोन कुरकुरत हळू चार्ज होणार. लोक चार्जरला शिव्या देतात, चोर केबल असते. पुढे ६० वॉटच्या वर जायचं तर केबलीच्या टोकात एक चिप लागते, जी चार्जरला सांगते की मला ५ अँपिअर झेपतात. ती नसेल तर चार्जर केवढाही आणा, तो हात आखडता घेतो.

गूगलमधले बेन्सन ल्युंग म्हणून इंजिनिअर २०१५-१६ मध्ये बाजारातल्या टाइप-सी केबली विकत घेऊन एकेक तपासायचे. एका केबलीत आतल्या ताराच उलट्या जोडलेल्या निघाल्या आणि त्यांचा लॅपटॉप गेला. तेव्हापासून मी रस्त्यावरची केबल फक्त कपडे वाळत घालायला घेतो.

---

सुलक्षणा
५ ऑगस्ट, रात्री १०:१०

बाब्या, चिमटे झेपतात का तिला?

---

स्लो_लोकल
५ ऑगस्ट, रात्री १०:३२

अवांतर विचारतो. पॉवर बँक १०,००० एमएएचची, फोन ५,००० चा. शाळेतल्या गणिताने दोनदा भरायला हवा. दीडदाच भरतो. फसवणूक आहे का?

---

निवृत्त_जेई
५ ऑगस्ट, रात्री ११:२०

फसवणूक नाही, छापण्याची चलाखी आहे. १०,००० हा आकडा आतल्या सेलचा, ३.७ व्होल्टला. म्हणजे ३७ वॉट-तास. फोनची ५,००० ची बॅटरी साधारण ३.८५ व्होल्टची, म्हणजे सव्वाएकोणीस वॉट-तास. पॉवर बँक ३.७ चे ५ करते तेव्हा थोडी वीज उष्णतेत जाते, फोन ते ५ पुन्हा खाली आणतो तेव्हा आणखी थोडी. जाऊन-येऊन पाऊण हिस्सा हाती लागला तरी चांगलं म्हणायचं. ३७ चा पाऊण हिस्सा साधारण २८, त्याला १९.२५ ने भागा. दीडच. पाठीमागे मुंगीच्या अक्षरात 'रेटेड' म्हणून सहा हजाराच्या आसपासचा आकडा असतो तो खरा.

घेताना बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. विमानात १०० वॉट-तासांपर्यंतची चालते, तीही हातातल्या सामानात. पोटातल्या बॅगेत नाही.

---

मधुमालती
६ ऑगस्ट, सकाळी ९:०३

काका, शाळेत तुम्ही असता तर माझं फिजिक्स राहिलं नसतं.

---

पावसाळी गोंयकार
६ ऑगस्ट, सकाळी ९:४८

आमच्या पणजीत खण रिकामा करावा लागत नाही, जून ते सप्टेंबर हवाच करते. मागच्या वर्षी जुना फोन काढला तर चार्जिंगच्या तोंडात हिरवं शेवाळ. तांब्याला चढतं तसं. दुकानदाराने जुन्या दातब्रशवर आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) घेऊन दोन मिनिटं घासलं आणि फोन चालू. त्याआधी मी तो तीन दिवस तांदळात पुरून ठेवला होता. तांदळाचा पीठमिश्रित भुगा काढायचे त्याने वेगळे पैसे घेतले. २०२४ मध्ये ॲपलनेही लिहून टाकलं की भिजलेला फोन तांदळात ठेवू नका, दाण्यांचे कण आत जातात. आमच्या आईने ते वाचलं आणि म्हणाली, 'तांदूळ तरी चांगले होते का बघ, सुरय होते.' सुरय म्हणजे आमचे न उकडलेले पांढरे तांदूळ.

---

घाटमाथा
६ ऑगस्ट, सकाळी १०:१५

भिजलेल्या फोनवरून टेंपर्ड ग्लासवर येतो, कारण काल पुन्हा फुटली. पाकिटावर '९एच' असतं ना? मी इतकी वर्षं समजत होतो की हिऱ्याच्या खालोखाल. ते पेन्सिलीचं माप निघालं! ९एच म्हणजे सगळ्यात कडक पेन्सिलीने ओरखडा पडत नाही, एवढंच. वाळूतली गारगोटी कठीणपणाच्या मोह्स मापावर ७, काच साडेपाच-सहा. म्हणजे खिशातली वाळू जिंकणार. फोनवर पेन्सिलीने कोण लिहितं, हा माझा दुकानदाराला प्रश्न होता. तो म्हणाला, "साहेब, लावू का नको ते सांगा."

---

निशिगंध
६ ऑगस्ट, दुपारी २:३०

धागा वाचून हरवले. मला फोनपेक्षा त्यावरचं मराठी आठवतं. आपण इथे येऊन वाचायचो ते कशावर? देवनागरीच्या जागी नुसते चौकोन-चौकोन दिसायचे. मग कुणीतरी त्या ऑपेरा मिनी ब्राउझरच्या युक्तीची चिठ्ठी फिरवली. पत्त्याच्या जागी 'ऑपेरा', अपूर्णविराम, 'कॉन्फिग' असं टाकायचं, अगदी तळाशी जायचं, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी बिटमॅप फाँट' याला 'येस' करायचं. त्यांचा सर्व्हर अक्षरांची चित्रं काढून पाठवायचा. पान उघडायला एक चहा व्हायचा, पण ज्या दिवशी त्या दोन इंची पडद्यावर पहिलं 'ळ' दिसलं त्या दिवशी मी चाळीतल्या सगळ्यांना दाखवत फिरले होते.

त्याआधी एसएमएस रोमन लिपीत. आत्याचा एकदा आलेला, 'संध्याकाळी देवापुढे वाट लावली.' ती बिचारी वात लावून बसली होती.

---

रेंजबाहेर
६ ऑगस्ट, दुपारी २:३४

आत्या!! चहा कीबोर्डवर सांडला. तांदूळ आणतो.

---

पावसाळी गोंयकार
६ ऑगस्ट, दुपारी २:३६

सुरय नको रे.

---

ऊसकरी
६ ऑगस्ट, रात्री ११:५८

मी फक्त वाचत असतो, आज लिहितो. बारीक पिनराव, तुमचे चालू होणारे साधे फोन कचऱ्यात घालू नका.

आमचं शिवार घोडनदीच्या काठाला. शेतीची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री बारा-एकला लाइट आली की मोटर चालू करायला उसातून नदीवर जायचं. साप सोडा, आमच्याकडे उसात बिबट्या असतो. मग आम्ही स्टार्टरच्या पेटीत मोबाईल बसवले. नोकियाचा साधा फोन, त्याला हेडसेट लावलेला असला की सेटिंग करून तो आपोआप उचलायचा. घरून फोन लावायचा, त्याने उचलला की आकडे दाबायचे, त्या आकड्यांचे सूर हेडसेटच्या वायरीतून सर्किटला जायचे आणि स्टार्टर ओढायचा. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचं 'नॅनो गणेश' याच तत्त्वावरचं, आमच्या गावात पहिल्यांदा ते आलं. पुढे गावातल्याच एका वायरमनने तसलंच स्वतः जुळवलं.

आता सिम आतच बसणाऱ्या नव्या पेट्या आल्यात. पण माझी जुनी पेटी अजून चालू आहे आणि तिच्यातला फोन मागच्या पावसात पाणी जाऊन बसला. तसा फोन दुकानात नवा मिळत नाही, त्याची हेडसेटची भोकं वेगळी. मी तीन तालुके फिरलोय.

---

रोखठोक
७ ऑगस्ट, सकाळी ७:१०

ऊसकरी, सकाळी उठून हे वाचलं. माझे शब्द मागे घेतो. निम्मे.

---

निवृत्त_जेई
७ ऑगस्ट, सकाळी ८:२५

ऊसकरी, फोन बदलताना एक करा. त्यातली बॅटरी पेटीत उन्हाने तापते, वर चोवीस तास चार्जरला लावलेली. दर पावसाळ्याआधी टिचकी मारून बघत जा. आणि पेटीला अर्थिंग आहे ना?

---

ऊसकरी
७ ऑगस्ट, दुपारी १:००

आहे काका. पाच फुटाचा खड्डा, कोळसा-मीठ घालून.

---

बारीक पिन
७ ऑगस्ट, रात्री १०:०५

ऊसकरी, फोनचा मॉडेल नंबर बॅटरी काढल्यावर आतल्या कागदावर असतो, तो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. माझ्याकडचे जुने साधे पाच आहेत.

---

बारीक पिन
२ सप्टेंबर, रात्री ९:३०

धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला.

खण रिकामा झाला. गौरींचे दागिने त्यात विराजमान झाले. चार फुगलेल्या आणि तीन मेलेल्या बॅटऱ्या, सहा स्मार्टफोन आणि १४ चार्जर ई-कचरावाल्याला दिले. फोन देण्याआधी मेमरी कार्डं काढली. एकात २००९ च्या सहलीचे फोटो निघाले, सगळे अंगठ्याचे. ऊसकरींना दोन हँडसेट, दोन बारीक पिनेचे चार्जर आणि सिमच्या चौकटी पाठवल्या. त्यांचा निरोप आलाय की मोटर चालली, पण पेटीतल्या फोनवर आता कंपनीवाल्यांचे जाहिरातीचे फोन येतात आणि तो इमानाने उचलतो. कुणी आकडा दाबा म्हटलं नाही म्हणून बरं.

११०० ठेवला. त्याला नवी बीएल-५सी घेतली, चौकटीत सिम बसवलं, लागला. टॉर्चही लागला. आणि गौरीजेवणाच्या आदल्या रात्री आईचा हरिपाठाचा डबा बंद पडला. बूड उघडलं, आत बीएल-५सी, पोट आलेली. दुकानं बंद. ११०० ची काढून डब्यात घातली. सध्या हरिपाठ चालू आहे, ११०० बंद आहे.

उरलेले सात चार्जर माळ्यावर आहेत. हे इथेच राहू द्या.

---

सुलक्षणा
२ सप्टेंबर, रात्री ९:४१

माळा तुमच्या घरात आहे हे वहिनींना माहीत आहे ना?

---

स्लो_लोकल
२ सप्टेंबर, रात्री १०:०२

तीन जोडवायरांपैकी एक मला मिळेल का? भाच्याला नोकिया ६६०० चालू करून दाखवायचाय. चार्जर घरात बारीक पिनेचाच सापडला... थांबा. मला बारीक ते जाड लागेल. तुमचं जाड ते बारीक.

---

बारीक पिन
२ सप्टेंबर, रात्री १०:०४

मग जाड पिनेचा चार्जरच घ्या. माळ्यावर चार आहेत. पत्ता व्यनि करा.